शेजारीणबाईंचा अंधार

हार्मकेबाईंच्या वाढदिवसाच्या दुपारी बैठकीच्या खोलीत नेहमीप्रमाणे खुर्च्यांचे कडे मांडले होते. शेजारच्या विब्रेनने तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाशी हात मिळवत नुसते हार्मकेबाईंचेच नव्हे, तर प्रत्येकाचे अभिनंदन केले आणि सोबत आणलेली तसबीर हार्मकेबाईंच्या मांडीवर ठेवली.

गुलाबासारखा फुललेला एक तेजोमेघ. मध्यभागी नुकते जन्मलेले तारे, त्यांनी पोखरलेली निळसर पोकळी आणि भोवती सोनेरी पाकळ्या. हिवाळाभर आपल्या मागच्या अंगणातून त्याने हा प्रकाश गोळा केला होता.

"हे आम्ही दोघांनी मिळून काढलंय बरं का," हार्मकेबाईंनी तसबीर उंच धरली. "दुर्बीण त्याची, अंधार माझा. मागच्या दाराचा दिवा लावलाच नाही मी."

विब्रेनने कॉफीच्या कपात पाहिले. दिवा बंद ठेवा, अशी विनंती त्याने गेल्या वसंतात केली होती आणि तेव्हा ती गरजेची होती. सप्टेंबरात मात्र त्याने दुर्बिणीसाठी नवे फिल्टर घेतले. हायड्रोजन, गंधक आणि ऑक्सिजन यांचा नेमका प्रकाश तेवढा ते आत घेत. बाकीचा, अंगणाच्या भिंतीपलीकडच्या दिव्याचासुद्धा, जवळपास सगळा बाहेरच राही. पहिल्याच रात्री त्याच्या हे लक्षात आले होते. पण "आज आभाळ मोकळं आहे, मी दिवा बंदच ठेवलाय हो," असे हार्मकेबाई भिंतीवरून इतक्या उत्साहाने सांगत, की त्याने सांगणे पुढे ढकलले. शिवाय अंधार त्याला सोयीचाही होता.

"तुझा अंधार!" समोरून त्यांची मैत्रीण रूली म्हणाली. "तुझ्या मागच्या दाराच्या बोळात धडपडून माझं नाक फुटायचं तेवढं राहिलं. म्हणून तर तुझ्याकडचा पत्त्यांचा डाव आम्ही आनीच्या घरी हलवला. आणि ही महाराणी रुसून तिकडे फिरकत नाही. आम्ही येईपर्यंत दिवा लाव म्हटलं, तर केवढी भांडलीस!"

"फोटो बिघडला असता, रूली. विचार त्याला."

"बोल रे बाबा. बिघडला असता?"

पत्त्यांच्या डावाचे विब्रेनला आजच कळत होते. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"तसा... थोडा परिणाम होतो," तो म्हणाला.

"ऐकलंस?"

रूलीने हातातली बशी खाली ठेवली. "चुकलं बाई माझं," ती म्हणाली. "नाही नाही ते बोलले मी तुला."

हार्मकेबाई किटली भरायला उठल्या, तसा विब्रेनही त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून घेऊन सगळे सांगून मोकळा झाला.

"म्हणजे दिवा चालला असता?"

"हो."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून. शेजारीणबाई, तुम्हाला त्यात एवढा आनंद वाटत होता, म्हणून मला..."

"माझ्या आनंदावर ढकलू नकोस." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या ओट्यावरचे कप उगाच सरळ करत होत्या. "हिवाळाभर एकटी बसले मी. मला वाटायचं, कशासाठी तरी बसलेय."

विब्रेनने किटली उचलून नळाखाली धरली.

"आणि रूलीनं माझी माफी मागितली. चारचौघांत. जा, तिला सांग."

"तुम्ही सांगितलंत, तर त्या समजून..."

"मी कॉफी देणार आहे."

तो बाहेर आला. कड्यात त्याची खुर्ची रिकामी होती. पण तो बसला नाही.

"काय रे, केक संपला की काय आत?" रूलीने विचारले.

"रूलीबाई, मघाशी मी खोटं बोललो."

काहीजण हसले. त्यांना ती थट्टा वाटली. हसू थांबेपर्यंत विब्रेन उभा राहिला आणि मग त्याने पुन्हा सुरुवात केली.