मागचा जिना

"पाय वर घे," मावशी म्हणाल्या, आणि चिमीने मुकाट्याने दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या खालच्या दांडीवर ठेवले. ओलं फडकं खालून सरसर फिरून गेलं. तेवीस वर्षांची मुलगी, पदवी पहिल्या वर्गातली, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर मुलाखतीचं पत्र; पण फडकं आलं की पाय वर, ही सवय चार वर्षांची होती तेव्हापासूनची.

मुलाखती दहाला सुरू व्हायच्या होत्या. कारकुनाची जागा, तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. मावशींनी लेकीला आठलाच आणून हॉलच्या दाराशी पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं, तेही मागच्या जिन्याने. पुढचा जिना त्यांनी नुकताच लख्ख पुसला होता. आपण पुसलेल्या जिन्यावरून आपलीच पोर कशी चालवायची? शिवाय मागचा जिना सरळ हॉलपाशीच येतो. बाकीचे खाली गर्दी करून घामाघूम होतील आणि आपली चिमी बसलेली असेल ऐटीत! वीस वर्षं या कचेरीच्या फरशा पुसून इथली खडान्खडा माहिती झाली होती, तिचा पोरीला एवढा तरी उपयोग नको?

या इमारतीत चिमीला सगळेच ओळखत. शाळा सुटली की ती इथेच यायची आणि जिन्याखालच्या, बादल्या ठेवायच्या खोलीत अभ्यास करत बसायची. मावशींनी तेव्हाच तिला बजावून ठेवलं होतं. साहेब लोक दिसले की बाजूला व्हायचं, आणि इथे कुणाला काही विचारायचं नाही. विचारलं की माणसं विचारतात, ही कुणाची, इथे कशी? मग आईच्या नोकरीवर गदा. पोर गुणाची, एकदा सांगितलं ते कधी विसरली नाही.

पावणेदहाला मुलंमुली वर येऊ लागली. प्रत्येकाच्या छातीवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर ठसठशीत आकडा.

"आई, त्यांच्याकडे नंबर आहेत."

"असू दे की. नवखी माणसं ती, हरवायची बिचारी. तुला कशाला हवा नंबर? तुला कोण ओळखत नाही इथे?"

शिपायाने दार किलकिलं करून "नंबर एक" म्हणून हाक मारली, आणि मावशी बादली उचलून दुसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथली झाडलोट कशी उरकली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. सारा जीव वरच्या मजल्यावर.

साडेअकराला बादलीतलं पाणी बदलायचं निमित्त करून त्या वर डोकावल्या, तर हॉलचं दार उघडून चिमी बाहेर येत होती. मागे वळून तिने दार हळूच, आवाज न करता ओढून घेतलं. मावशींचा ऊर भरून आला. झाली बाई एकदाची! लेक मान खाली घालून पुन्हा खुर्चीवर बसली, दमली असेल. शिपाई दारातच उभा होता, म्हणून मावशी तिच्याशी काही न बोलता आल्या पावली खाली गेल्या. पण पोटात गोष्ट राहीना. पुढच्या दाराशी वॉचमन बसला होता, त्याच्यापुढेच त्या जाऊन उभ्या राहिल्या.

"आमच्या चिमीची मुलाखत झाली हो!"

"चिमीची? आली कधी ती? मी तर नाही पाहिली."

"तुम्ही कशाला पाहताय! चष्मा लावून झोपा काढता."

"घ्या! आज डोळ्याला डोळा लागू दिलाय का या पोरांनी?" वॉचमनने समोरची वही थोपटली. "सगळ्यांची हजेरी इथे. हजेरी लागली की नंबर, आणि नंबर असेल त्यालाच वर हाक."

मावशी अजून हसतच होत्या. "अहो, पण ती आत जाऊन आली. मी या डोळ्यांनी पाहिलं."

वॉचमनने वही त्यांच्याकडे फिरवली. मावशींना वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव तेवढं ओळखू यायचं. बाकी सगळ्या नावांपुढे बरोबरची खूण होती. त्या एका नावापुढची जागा कोरी होती.

त्या वर धावल्या, तेही मागच्याच जिन्याने. हॉलबाहेरच्या बाकीच्या खुर्च्या एव्हाना रिकाम्या झाल्या होत्या.

"चिमे, आत काय विचारलं तुला?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? आत गेली होतीस ना?"

"शिपाईकाका म्हणाले, बसलीच आहेस तर आत पाणी नेऊन दे. चार ग्लास नेले."

"आणि साहेब?"

"ठेव म्हणाले."

"मग तोंडाला काय कुलूप लावलं होतंस? पत्र आहे ना हातात? माझीही मुलाखत आहे, एवढं सांगता येत नाही?"

चिमीने मांडीवरच्या पत्राची घडी बोटाने नीट केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज मात्र तिने या इमारतीत कायम ठेवला तेवढाच हळू ठेवला.

"तूच म्हणायचीस ना आई, इथे कुणाला काही विचारायचं नाही."

दार उघडलं. मोठे साहेब बाहेर आले. आत शिपाई कागद गोळा करत होता.

"अरे, मावशी! ही तुमची मुलगी ना? सकाळपासून बघतोय, हूं नाही की चूं नाही. नाही तर ही आजकालची मुलं, प्रश्न विचारून विचारून डोकं उठवतात. चांगलं वळण लावलंत हो."

साहेब माणूस मोठा भला. घाईतही नव्हते. दारापाशीच थांबून त्यांनी रुमालाने चष्मा पुसायला घेतला. आत खुर्च्या अजून मांडलेल्या होत्या, बाकीचे साहेब बसलेले होते. हिचीही मुलाखत घ्या, एवढे तीनच शब्द. मावशींनी ते मनात जुळवले, पुन्हा एकदा जुळवले, आणि पदराला हात पुसले.

"साहेब..."

"बोला."

साहेब वाट बघत होते.

"जपून जा, साहेब. फरशी ओली आहे."

"हो, हो," म्हणत साहेब हसले आणि जपून पावलं टाकत पुढच्या जिन्याकडे निघाले. फरशी केव्हाच वाळली होती. साहेबांना जायला वाट मिळावी म्हणून चिमीने दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले.