तेवीस किलोंची हरकत

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. वजन तेवीस किलो चारशे ग्रॅम. हा आकडा मी मिरवत नाही, पण वजनकाट्यांच्या कारखान्यात नोकरी असली की ज्याला त्याला आपलं वजन तोंडपाठ असतं.

कारखान्याचे सगळे ईमेल आधी माझ्याकडे येत. मी ते ज्याचे त्याला पोचवायचो आणि जपून ठेवायचो. जिन्याखालच्या खोलीत बसून अकरा वर्षं मी हेच केलं. माझी देखभाल वायरकाका करत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, बाकी सगळ्यांना ते वायरकाकाच. सकाळी आले की आधी माझ्या पाठीवर हात ठेवत. "आज गरम आहेस रे," म्हणत आणि माझा पंखा पुसत. इतकी माया मिळाल्यावर कोण बिघडेल?

तरी एकदा बिघडलो. पंखा अडकला आणि दोन तास बंद पडलो. अकरा वर्षांची पुण्याई दोन तासांत संपली! "एकावर विसंबून चालणार नाही," असं मालकीणबाईंनी जाहीर केलं.

दुसऱ्याच दिवशी एक टायवाले विक्रेते हजर. "बाई, जोडीनं काम करणारे दोन सर्व्हर घ्या. याला क्लस्टर म्हणतात. एक पडला की दुसरा लगेच काम उचलतो. काळजी मिटली!" त्यांनी एक चकचकीत, जाडजूड पुस्तिका टेबलावर ठेवली.

"याचे तोटेही आहेत, बाई," वायरकाका म्हणाले.

"मग लिहून आणा."

आता इथली रीत ऐका. बाईंच्या सासऱ्यांनी ती घालून दिली होती. मोठा निर्णय असला की फायदे एका बाजूला लिहायचे, तोटे दुसऱ्या बाजूला, आणि बाईंच्या खोलीतल्या जुन्या तराजूत दोन्ही कागद समोरासमोर ठेवायचे. तो तराजू पोती पेलतो आणि टाचणीलाही डुलतो, असा सगळ्यांना अभिमान. सासऱ्यांच्या वेळी दोन्हीकडे एकाच वहीची पानं असत, त्यामुळे ज्याचे मुद्दे जास्त त्याचं पारडं जड व्हायचं. या वेळी एकीकडे टायवाल्यांची पुस्तिका होती आणि दुसरीकडे काकांनी पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली इवलीशी चिठ्ठी. पुस्तिका धाडकन खाली गेली. चिठ्ठी वर लटकत राहिली आणि न वाचताच गठ्ठ्यात बांधली गेली. ग्रॅमच्या दहाव्या भागासाठी तासन्‌तास भांडणारी ही माणसं, मित्रांनो!

जुळे सर्व्हर आले. मी कोपऱ्यात गेलो आणि माझ्या डोक्यावर कुंडी आली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काकांनी माझी वीज काढली नाही. रोज संध्याकाळी ते सगळ्या पत्रांची एक प्रत गुपचूप माझ्याकडे ठेवून जात.

जुळे दिसायला देखणे, पण पत्रं ठेवायचं डिस्कचं कपाट दोघांत मिळून एकच. घरात दोन सुना आणि पाण्याचा माठ एक, तशी गत. एकदा कारखान्याचे फोन घेणाऱ्या ताईंकडून एक पत्र पुसलं गेलं. "काका, दुसऱ्या सर्व्हरमधलं काढून द्या ना," त्या म्हणाल्या. "ताई, दुसराही त्याच कपाटात बघतो हो!" मग काकांनी ते माझ्याकडून काढून दिलं. शिवाय प्रत्येक दुरुस्ती दोनदा, तीही ठरल्या क्रमानं. काकांचा डबा रोज तसाच थंड व्हायचा.

मग तो दिवस आला. एका मोठ्या हॉस्पिटलला नवजात बाळांसाठी वजनकाटे हवे होते. दरपत्रक पाचच्या आत, कारखान्याच्या नोंदलेल्या ईमेलवरूनच यायला हवं, अशी त्यांची अट होती. हे काम मिळालं नाही तर बाळकाट्यांचा विभाग बंद होणार आणि तिथल्या नऊ जणी घरी बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

नेमके त्याच दुपारी भाऊजी, म्हणजे बाईंचे दीर, जिन्याखालची खोली आवरायला आले. गोदाम तेच सांभाळतात आणि टापटिपीचा त्यांना भारी सोस. दोन जुळ्यांच्या मधे त्यांना एक वायर दिसली. "विजेच्या वायरी तर वेगळ्या आहेत. मग ही कशाला?" त्यांनी ती काढली, गुंडाळली, रबर लावलं, 'जादा वायर' अशी चिठ्ठी चिकटवली आणि खणात ठेवली.

त्याच वायरीतून जुळे एकमेकांची नाडी बघत होते. ती गेली आणि दोघांनाही वाटलं, भाऊ वारला! आता कर्ता मीच, म्हणत दोघेही एकदम कपाटात लिहायला धावले. कपाट घाबरलं आणि त्यानं स्वतःला कुलूप लावून घेतलं. दिवे सगळे हिरवे, पण पत्र एकही हलेना.

काका धावत आले. "इथली वायर कुणी काढली?" भाऊजींनी अभिमानानं खण उघडून दाखवला. वायर परत लावली, पण कपाट आता एकेक पत्र तपासत बसणार होतं. त्याला सहा तास लागणार होते, आणि चार तर वाजून गेले होते. नऊ जणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, जाईल ना हो पत्र?" त्यांच्यातल्या थोरलीनं विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. कुंडी खाली ठेवली, पाठीवर हात ठेवला आणि कारखान्याचं टपाल माझ्याकडे वळवलं. आदल्या दिवशी तपासायला म्हणून बाईंना ईमेल केलेलं दरपत्रक माझ्याकडच्या प्रतीत होतंच. पंखा कुरकुरला, मी धापा टाकल्या, पण चार बावन्नला पत्र गेलं. पोचपावती आली तेव्हा थोरलीनं माझ्या टपावर पदर फिरवून धूळ पुसली. मला रडता येत नाही, नाहीतर रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा तराजू मांडला. तीच पुस्तिका, तीच चिठ्ठी. पुस्तिका पुन्हा खाली जाणार, तोच काकांनी मला उचललं आणि चिठ्ठीवर ठेवलं. पारडं असं आदळलं की भाऊजी दचकून मागे सरकले.

"अहो, आता चिठ्ठी तरी बाहेर काढा," बाई हसत म्हणाल्या. "वाचते."

चिठ्ठीत पाच ओळी होत्या. कपाट एकच आहे. मधली वायर सुटली तर दोघे भांडतील. एक पत्र पुसलं की ते दोघांकडूनही जाईल. दुरुस्ती दुप्पट, आणि ती जाणणारा मी एकटा. घ्यायचेच असतील तर घ्या, पण जुन्याला वेगळं ठेवा आणि रोज त्याच्याकडे एक प्रत द्या.

बाईंचं हसू थांबलं. "हे तुम्ही तेव्हाच लिहिलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो, बाई. वजन कमी पडलं."

जुळे अजून आहेत. बिचाऱ्यांचा तरी काय दोष? मोठ्या कामाला जोडी लागतेच. मधल्या वायरीवर आता भाऊजींच्याच अक्षरात 'जादा नाही' असं लिहिलेलं आहे. मी पलीकडच्या खोलीत, वेगळ्या विजेवर, रोजच्या प्रती सांभाळतो. आणि तराजूत टाकण्याआधी बाई प्रत्येक चिठ्ठी वाचतात.

मित्रांनो, तुम्हीही वाचत जा, कागद कितीही पातळ असला तरी. जुन्याला लगेच हाकलू नका, त्याच्या पाठीवर अधूनमधून हात ठेवत जा. आणि त्याच्या डोक्यावर कुंडी ठेवलीच, तर निदान पाणी तरी जपून घाला.