माराला जाऊन आलेली एडना

खदिजाबाईंनी फोन टेबलावर आडवा ठेवला आणि बोटाने एकामागून एक सिंह सरकवायला सुरुवात केली. एडनाने चष्मा लावून खुर्ची पुढे ओढली. कुणाची तरी कोचीची दोन तिकिटं अर्धवट राहिली होती, ती तशीच राहिली.

"एडना जैसा बोला, सब वैसा," खदिजाबाई म्हणाल्या. बहारीनमधल्या मुहर्रक शहरातल्या एका शाळेच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका, नुकत्याच केनियाहून परतलेल्या. हिंदीसुद्धा हुकूम सोडल्यासारखी बोलत. "गेट, नदी, टेंट. सब सेम सेम!"

"और हिप्पो? नदी जहाँ मुड़ती है, वहाँ थे ना?"

"थे! बहोत थे!"

एडनाचा चेहरा असा खुलला, जणू ते पाणघोडे तिनेच पाळले होते. नईम भागातल्या या ट्रॅव्हल एजन्सीत ती अकरा वर्षं केनियाच्या सफारी विकत होती, आणि अख्ख्या बहारीनमध्ये तिच्यासारखी मसाई मारा विकणारं दुसरं कुणी नव्हतं. कुठल्या गेटने शिरावं, कुठल्या तंबूवर सकाळचं ऊन येतं, छोट्या विमानात कडक सुटकेस का चालत नाही, सगळं तिला तोंडपाठ. गिऱ्हाईक विचारी, "तुम्ही कधी गेला होतात?" आणि ती बेधडक सांगे, "ऑगस्टमध्ये. तोच सीझन चांगला."

खरं सांगायचं तर एडना माराला कधीच गेली नव्हती. मुलाखतीत मालकांनी "मारा पाहिलंय का?" असं विचारलं आणि नोकरीची नड असलेल्या बाईच्या तोंडून निघून जातं तसं "हो" निघून गेलं. मग ते "हो" निभावणं आलं. परतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहा पाजून ती त्याच्याकडून सगळं काढून घेऊ लागली. सुरुवातीला नोकरी टिकावी म्हणून ऐकायची. पुढे पुढे ऐकल्यावाचून राहवेना. घरी भाजी चिरताना हात थांबायचा आणि ती कुठल्या तरी माळावर उभी असायची.

नवऱ्याजवळ, लेस्लीजवळ, तिने एकदा विषय काढून पाहिला होता.

"जनावरं बघायला रजा घालवायची? आई वसईला वाट बघत बसलीय," तो म्हणाला होता. त्याचंही चुकत नव्हतं. गल्फमधल्या माणसाची रजा त्याची स्वतःची कधी नसतेच. एडनाच्या अकराही रजा वसईला गेल्या.

यंदा मात्र केनियातल्या एका कॅम्पने एजन्सीला पत्र धाडलं होतं. तुमच्यापैकी एकाने यावं, पाच दिवस आमचे पाहुणे म्हणून राहावं, सगळं बघून जावं, म्हणजे पुढे विकायला बरं. धंद्यात याला फॅम ट्रिप म्हणतात. दिवस कामाचे धरले जाणार होते, रजेतले नाहीत. ते पत्र एडनाने किती वेळा वाचलं याला गणती नव्हती. शुक्रवारी तिने कपाटावरची कापडी बॅग काढून धुऊनसुद्धा टाकली.

केबिनचं दार उघडून कमालभाई बाहेर आले. हे मालक, मूळचे महाडचे. हातात कॅम्पचा फॉर्म होता.

"वेन्डी, पासपोर्टची कॉपी दे. माराला तू चाललीस."

वेन्डी चार महिन्यांपूर्वी लागलेली, चोविशीतली, वसईचीच. ती खुर्चीतून उडालीच.

एडना उभी राहिली. "कमालभाई, मी जाऊ का?"

"तू? तू तर बघून आलीस. आणि ही पोरगी न बघता काय विकणार?"

एडनाने स्टेपलर उचलला, उघडला, मिटला. खोटं बोलल्याबद्दल नोकरी गेली तर पाठोपाठ व्हिसाही जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती बोलली.

"मी बघितलेलं नाही. कधी गेलेच नाही मी. मुलाखतीत खोटं बोलले होते."

कमालभाई तिच्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसायला लागले. खदिजाबाईंना त्यांनी हिंदीत सांगितलं, तेव्हा त्यांची तर हसून मुरकुंडी वळली.

"ये नहीं गया? ये?"

"एका सीटसाठी काय नाटकं करतेस, एडना!" कमालभाई डोळे पुसत म्हणाले. "खलास, ठरलं. पुढच्या टायमाला तू, इंशाल्ला."

एडनाही हसली. हसली नसती तर तिथेच रडली असती.

खदिजाबाई गेल्या, कमालभाई केबिनमध्ये गेले. वेन्डी वही घेऊन शेजारी येऊन बसली, आणि एडनाने तिला सगळं सांगितलं. पहाटे थंडी असते, जॅकेट घे. काळे-निळे कपडे नको, माश्या येतात. दुर्बीण कॅम्पवाल्यांकडे माग. हातचं काही राखलं नाही. वेन्डी भराभर लिहून घेत होती, ती मध्येच थांबली.

"आंटी, तू खरंच गेली नाहीस ना?"

टेबलावरचे ब्रोशर एडनाने नीट एकावर एक लावले.

"मी सांगू कमालभाईंना? सांगते मी," वेन्डी म्हणाली. पण फॉर्म तिने छातीशी घट्ट धरला होता. एडनाने ते पाहिलं. त्या वयात तिनेही सोडला नसता.

"नको गं बाय. तू जा."

"मग तुझ्यासाठी काय आणू? फोटो भरपूर काढते, व्हिडिओ—"

"फोटो नकोत. फोटो सगळे आणतात." एडनाने चष्मा काढला. "पहाटे गाडी निघाली की गवताचा वास येत असेल. तो कसा असतो, तेवढं नीट लक्षात ठेवून ये. कुणाला विचारताच आलं नाही मला. जाऊन आलेली बाई असलं कसं विचारणार?"

वेन्डीने मान हलवली आणि वहीत 'जॅकेट'च्या खाली तेही लिहून घेतलं.