पाचवीपतोरचा बेल

"आरं, ही भाकरी हाय का वहाण?" माणिकप्पानं ताटातला तुकडा उचलून उजेडात धरला. "पोरगी तिकडं पुस्तक घेऊन बसती अन् हितं बाप्या माणूस चुलीपुढं! गाव हसाया लागलंय, महादेवप्पा."

"हसू द्या अण्णा," महादेवप्पा काटवटीतलं पीठ मळत म्हणाला. "म्या बेल उचललाय."

झालं. थोरला भाऊ कितीही तावातावानं येवो, या एका वाक्यापुढं त्याचं काही चालायचं नाही.

बेलाची ही गोष्ट महादेवप्पाची पोरगी ऋतुजा पहिलीत बसली तेव्हाची. मुरुडकडच्या त्या गावात पहिलीला पोरं ढीगभर यायची आणि पाचवीला पोचताना मूठभर उरायची. कुणी शेळ्यांमागं जायचं, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड बसायचं. वरून दरसाल विचारणा व्हायची, पहिलीत आलेल्यांतली पाचवीपर्यंत टिकली किती? शाळेच्या सिंधु मॅडमनी मान खाली घालून आकडा सांगायचा. शेवटी त्या बाईनं डोकं चालवलं. हे गाव कागदावरच्या सहीला भीत नाही, महादेवाला भितं. तिनं सगळ्या बापांना देवळात नेलं, पिंडीवरचा बेल हातात दिला आणि वदवून घेतलं की पाचवी होईपर्यंत लेकराला शाळेतून काढणार नाही.

त्यात महादेवप्पाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ऋतुजा तिसरीत असताना त्याची बायको काविळीनं गेली. घरात अंथरुणाला खिळलेली आई आणि रांगतं पोरगं. भावकी म्हणाली, पोरीला घरी ठेव. त्यानं ठेवलं नाही. चुलीत हात भाजून घेतले, पोराला पाठीशी बांधून तूर काढली, शेजारणींच्या पाया पडून आईचं लुगडं बदलून घेतलं. बेल नसता तर त्यानं हे निभावलं असतं का? खरं सांगायचं तर नाही. भावापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. बेलाच्या आधारानंच तो उभा होता.

"आता पाचवी सरली," माणिकप्पा आज मात्र उठला नाही. "एक तारखेला निकाल. मग काय सांगशील? लेकाच्या हातून लुगडं बदलून घ्यायची आईला लाज वाटती. शेजारीण येईपतोर तिनं वल्यात पडून ऱ्हायचं का? बोल की!"

महादेवप्पा पीठ मळत राहिला. आत आई कण्हत होती.

पण त्यानं मनात एक योजून ठेवलं होतं. मॅडमलाच म्हणायचं, आता दहावीपतोर बेल उचलायला लावा. आपली आपण घेतलेली शपथ अण्णा मानायचा नाही. घालणारं कुणी वजनदार पाहिजे. मग अण्णाच काय, मेलेला बाप उठून आला तरी पोरीला कुणी घरी बसवणार नाही.

एक मेला सकाळपासूनच ऊन अंगाला डसत होतं. काळी रानं भेगाळून आ वासून पडली होती. महादेवप्पानं बेलाची ताजी पानं तोडली, सदऱ्याच्या खिशात जपून ठेवली आणि शाळेत जाऊन मागं बसला. झेंडा झाला, निकाल झाला. तालुक्याचे साहेब उभे राहिले. "पहिलीत आलेलं एकही लेकरू या शाळेतून गळालं नाही. शंभर टक्के!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी महादेवप्पाला पुढं ओढलं, त्याच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. "साहेब, हा माणूस स्वतः भाकरी थापतो, पण पोरीची शाळा चुकवत नाही. महादेवप्पा शब्द मोडत नाही!"

कार्यक्रम उरकल्यावर तो नारळ छातीशी धरून मॅडमजवळ गेला. "मॅडम, ते बेलाचं काय आता?"

"फिटला की तो अप्पा! तुम्ही सुटलात."

"तसं न्हाई. पुढचं..."

"पुढचं सहावीची शाळा बघेल. आमचा हिशेब पाचवीपर्यंतच." बाईला खरंच आनंद झाला होता, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तेवढ्यात फोटोसाठी हाक आली आणि ती पदर सावरत पळाली.

अरे, तोंड उघडून सांगायचं होतं! मला बांधा म्हणायचं होतं! पण मोठ्या माणसांच्या गर्दीत त्याला ते जमलं नाही. खांद्यावरची शाल काढून त्यानं काखेत मारली आणि घरची वाट धरली.

वाटेत देवळाच्या पायरीवर माणिकप्पा बसला होता. "सुटलास म्हनं?"

देवाच्या दारात खोटं कसं बोलावं? "सुटलो."

"मग चल आत. बेल उचल. म्हन, आजपासून पोरगी आईजवळ घरी."

"अण्णा, पोरगी लई हुशार हाय."

"अन् आई कुणाची हाय?"

महादेवप्पा पायरी चढून आत गेला. बेल शोधायचीसुद्धा गरज पडली नाही. त्यानं खिशातलीच पानं काढली.

जूनमध्ये सहावीची पोरं ओढा ओलांडून पलीकडच्या गावाला जाऊ लागली. त्यात ऋतुजा दिसेना, तेव्हा मॅडम घरी आल्या. पोरगी दारात आजीचं लुगडं पिळत होती.

"अप्पा, असं कसं केलंत? मला सांगायचं तरी!"

"सांगायलाच आलो हुतो मॅडम."

बाई मटकन ओट्यावर बसली. निकालाचा दिवस तिला आठवला असावा. मग ताडकन उठली. "चला देवळात. दहावीपर्यंत बेल उचला. आत्ताच्या आत्ता."

ऋतुजाचे हात थांबले. तिनं बापाकडं बघितलं. बाप जमिनीकडं बघत होता.

"न्हाई जमायचं. अण्णापुढं बेल उचलून बसलो, पोरगी घरीच ऱ्हाईल म्हनून."

"मोडा तो! लेकराच्या जन्माचा प्रश्न आहे."

"मोडाया आला असता, तर ती पाचवीपतोर तरी आली असती का मॅडम?"

ऋतुजानं लुगडं पुन्हा पिळायला घेतलं. नऊवारी, भिजून जड झालेलं, तिच्या मुठीत मावेना. मॅडमनी खाली वाकून दुसरं टोक धरलं.