झेंड्याला वाकणारा क्रौंच

यीलानच्या भातखाचरांत हिवाळ्याचं पाणी साचलं होतं आणि बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. एकीकडे तोफांसारखे कॅमेरे रोखलेले पक्षीवेडे, दुसरीकडे उदबत्त्या घेतलेले भाविक. सैबेरियातून वाट चुकून आलेला पांढरा क्रौंच रोज सकाळी आ-तियाम भगताच्या लाल झेंड्यापाशी उतरायचा आणि तीनदा मान लववायचा.

आ-तियामच्या अंगात मात्सू ही समुद्रदेवी यायची. क्रौंच देवीचा दूत. त्याच्या पायाखालचं पाणी प्यालं की साखरेचा आजार जातो, असं तो डोळे फिरवत सांगे.

बी-श्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिची थोरली बहीण सिऊ-खिम चार दिवस तेच पाणी पीत होती. इन्सुलिन बंद. दिवसभर गुंगीत पडून असायची. बी-श्याने समजावलं, भांडून पाहिलं, रडलीसुद्धा.

"तू पुस्तकं वाच. पाखरू वाकतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय," ताई म्हणाली.

पक्षीवेड्यांत एक डॉक्टर होते. ताईशी दोन शब्द बोला, म्हणून बी-श्याने त्यांना विनवलं.

"बाई, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय," ते म्हणाले.

भर दुपारी क्रौंच उडाला, आ-तियाम जेवायला गेला, तशी ती संतापाने चिखलात उतरली. झेंड्याच्या बुडाशी हाताला काहीतरी वळवळलं. जाळीची पिशवी, आत बोटभर जिवंत मासे. आरडाओरडा केला असता तर ते मासेही देवीचा प्रसाद ठरले असते. तिने पिशवी उचलली आणि ताईच्याच खाचरात, बुजगावण्याच्या पायाशी पुरली.

दुसऱ्या दिवशी तिने ताईला हाताला धरून बांधावर आणलं. क्रौंचाने झेंड्याभोवतीचा चिखल चोचीने उपसून पाहिला, मग चालत चालत बुजगावण्यापाशी आला आणि तीनदा नव्हे, चांगला अकरा वेळा वाकला. तो पोट भरून दूर गेल्यावर बी-श्याने पिशवी वर काढली.

"मासे देवीनेच धाडले," आ-तियाम म्हणाला.

"आणि पिशवीला गाठ मारायला दोरा तुझ्या गंड्याचा घेतला?"

लोकांनी आपापल्या मनगटांवरचे, त्यानेच बांधलेले लाल दोरे पाहिले. तरीही दोन बायका बुजगावण्यापुढे हात जोडून उभ्या होत्याच. बी-श्या हताश होऊन बांधावर बसली.

"अहो, भुकेलं पाखरू आहे ते," ती म्हणाली. "खायला वाकतं. तुमचं दुखणं त्याला काय ठाऊक? पाणी तोंडाला लावण्याआधी एकदा विचारा तरी, ते का वाकतं म्हणून."

ताईने बुजगावण्याकडे पाहिलं. त्याच्या अंगात तिच्या वारलेल्या नवऱ्याचा रेनकोट होता.

"तुझ्या दाजींना जिवंतपणी कुणी एवढं वाकलं नाही," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "इंजेक्शन फ्रिजमध्येच आहे ना गं?"