नव्या सारंगला किक नाही

नव्या सारंगचा फोटो मंगळवारी सकाळी ग्रुपवर आला आणि दुपारचं जेवण होईपर्यंत जयंतरावांनी तिचं तेरावंही उरकून टाकलं.

‘सारंग परिवार, भोपाळ’ या ग्रुपात एकवीस माणसं आणि प्रत्येकाच्या अंगणात एकेक जुनी सारंग. जुनी म्हणजे कशी, तर इंजिन बिडाचं, टाकीवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ, गियर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. साऱ्या जगाच्या उलट. हिच्यावर शिकलेला माणूस दुसऱ्या कुठल्याही मोटारसायकलवर बसला की आठवडाभर चाचपडतो, आणि नेमका याचाच त्या एकवीस जणांना कोण अभिमान. आता कंपनीने तीच सारंग नव्याने घडवून बाजारात आणली होती.

ग्रुपवर नुसता कल्ला उसळला. कुणी लिहिलं, टाकी आहे की कलिंगड. कुणी म्हणालं, सोनेरी रेघ आता स्टिकरची झाली, म्हणजे संपलंच सगळं. करोंद मंडीतून निवृत्त झालेल्या केशवने लिहिलं, ‘भाई, ये सारंग नहीं, सारंग की बहू है.’ मानसी, जिने वडिलांच्या मागे त्यांची सारंग चालती ठेवली होती आणि जी ग्रुपात वयाने सगळ्यांत लहान, तिने भीत भीत लिहिलं की दिवा तसा चांगला वाटतोय. तिच्यावर चौदा जण तुटून पडले.

मग जयंतरावांचा लेख आला. लेखच तो. जलसंपदा खात्यात जन्मभर धरणांचे नकाशे काढलेला माणूस, त्यामुळे मुद्देसूद. दिवा, टाकी, आवाज, हत्यारांची पेटी, एकेकाचे वाभाडे काढत ते शेवटी मुद्द्याला आले: ‘आणि किक नाही. बटण दाबून सुरू व्हायला ती काय मिक्सर आहे? ज्याला किक मारता येत नाही त्याने सारंगच्या वाटेला जाऊ नये.’ खाली एकोणीस अंगठे पडले.

“पाठवलंत?” स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या बायकोने, नलिनीने विचारलं.

“पाठवलं.”

“बरं केलंत. आता या, गुडघ्याला तेल लावून देते.”

इथेच तर सगळं दुखणं होतं. दोन वर्षांपूर्वी एका गारठ्याच्या सकाळी जयंतरावांचा हिशेब चुकला. सारंगला किक मारायचीसुद्धा रीत असते. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, काटा आला की श्वास धरायचा, आणि मग एकच दणका. काटा चुकला की किक उलटी येते. ती आली, आणि उजवा गुडघा जो गेला तो गेलाच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चाला, चालवा, पण किक बंद.

हे ग्रुपात कुणाला सांगायची सोय नव्हती. त्यांच्यात एक अलिखित कायदा होता: दुसऱ्याच्या सारंगला किक मारायची नाही. ज्याला स्वतःची गाडी सुरू करता येत नाही त्याची गाडी लोक विकत मागायला येतात, आणि मग ग्रुपच्या रविवारच्या फेरीत तो फक्त पोहे खायला उरतो. दोघे तसे उरले होते, आणि हळूहळू पोह्यांनाही यायचे थांबले. जयंतरावांना त्या दोघांच्या रिकाम्या खुर्च्या डोळ्यांसमोरून हलत नसत. वय अडुसष्ट. वडील छप्पन साली कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले. भाऊ पुण्याला, मुलगा बंगळुरूला. भोपाळमध्ये त्यांना ‘जयंता’ म्हणणारी माणसं जी होती ती या ग्रुपातच होती.

म्हणून त्यांनी शक्कल काढली होती. गाडी नेहमी उतारावर लावायची. चार इमलीच्या बंगल्यांकडून खाली येणारा रस्ता त्यांना पाठ झाला होता. दुसरा गियर टाकायचा, क्लच दाबायचा, दोन पावलं घरंगळायचं आणि क्लच सोडायचा. भक् करून इंजिन पकडतं. लोकांना सांगायचं, ‘अरे, इथे सावली असते.’

शनिवारी सगळ्यांनी बिट्टन मार्केटजवळच्या शोरूममध्ये जायचं ठरवलं. नवी गाडी चालवून बघायची आणि ग्रुपचा निकाल जाहीर करायचा. सगळ्यांत ज्येष्ठ आणि सगळ्यांत जहाल म्हणून पहिली फेरी जयंतरावांची. ते मोठ्या ऐटीत पोहोचले, आणि शोरूमच्या वॉचमनने त्यांची गाडी नेऊन लावायला लावली ती फरसबंद मैदानात. पापड लाटावा इतकी सपाट जागा. जयंतरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उताराचा पत्ता नाही. परत जाताना सगळ्यांदेखत किक मारावी लागणार होती. तरी तोंडाने ते म्हणाले, “चला, दाखवा तुमचा मिक्सर.”

मॅनेजरबाईंनी किल्ली दिली. जयंतराव बसले, आरशात तोंड वाकडं केलं आणि बटण दाबलं.

गाडी सुरू झाली.

एवढंच. ना काटा, ना श्वास, ना गुडघ्यातली ती सुरी. जयंतरावांनी इंजिन बंद केलं आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सुरू. बघणाऱ्यांना वाटलं, बुवा काहीतरी तपासताहेत. बुवा काही तपासत नव्हते; त्यांना मजा वाटत होती.

निघताना ते उजव्या-डाव्या पायाची उजळणी करत होते. गियर डावीकडे, ब्रेक उजवीकडे, गियर डावीकडे. पण शाहपुऱ्याच्या तळ्याकडे वळल्यावर वारा लागला, हँडल हलकं वाटलं आणि उजळणी कुठल्या कुठे राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात ‘थांबायचं कुठे’ हा विचार नव्हता. सपाटीवर थांबा, चढावर थांबा, वाटलं तर सिग्नलला बंद करा. त्यांनी खरोखरच सिग्नलला गाडी बंद केली आणि हिरवा लागल्यावर सुरू केली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला तरी त्यांना राग आला नाही. एवढा आनंद त्यांना झाला होता, आणि त्या आनंदाची त्यांना लाजही वाटत होती.

परत येताना भाजीचा एक ठेला आडवा आला. जयंतरावांच्या डाव्या पायाने चाळीस वर्षांच्या सवयीने कच्चकन ब्रेक दाबला. तो ब्रेक नव्हता. गाडीने खालचा गियर घेतला, हिसका दिला आणि तशीच पुढे सरकली. पुढचा ब्रेक हाताने आवळला म्हणून बरं, नाहीतर कोबीत शिरलेच असते. चाक ठेल्याला टेकलं, दोन दुधी रस्त्यावर आले.

“बाबूजी, नई गाड़ी है?” भाजीवाल्याने विचारलं.

“गाड़ी नई है, पैर पुराने हैं,” जयंतराव म्हणाले आणि उतरून दुधी उचलून दिले. उतरताना आणि पुन्हा बसताना गुडघा दुखला. पण गाडी सुरू करायला नाही दुखला.

शोरूमच्या दारात सगळे गोळा होऊन उभे होते. मानसीने मोबाईल सरसावला होता. निकालाचं रेकॉर्डिंग करायचं होतं.

“बोला, जयंतकाका.”

एक वाक्य पुरलं असतं. ‘भंगार आहे’ म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या आणि मंगळवारच्या लेखाची लाज राहिली असती. पण ती टाळी घेऊन जायचं कुठे, तर त्या सपाट मैदानात, जिथे त्यांची सारंग उभी होती. जयंतरावांनी हेल्मेट काढलं. घाम पुसला. आणि एकदम त्यांना सगळ्या लपवाछपवीचा कंटाळा आला.

“मानसी, ते बंद कर आधी,” ते म्हणाले. “गाडी चांगली आहे. दिवा चांगला आहे, तुझं बरोबर होतं. आणि माझा गुडघा गेलाय. दोन वर्षं झाली, मी किक मारलेली नाही. आजही मला माझी गाडी सुरू करता येणार नाही. आता काय म्हणायचं ते म्हणा.”

मग केशवने घसा खाकरला.

“जयंता, चार इमलीला कडक उन्हातसुद्धा तू ‘सावली आहे’ म्हणून गाडी लावतोस. आम्ही काय आंधळे आहोत?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“दीड वर्षापासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“मी कुठल्या तोंडाने बोलू?” केशवने मान खाली घातली. “माझी कंबर होळीपासून गेली आहे. रविवारी सकाळी अंगणात माझी गाडी सायली सुरू करून देते.”

“तुझी सून?”

“एका किकमध्ये. माझ्याहून साफ मारते. मग मी घरी परतेपर्यंत बंदच करत नाही. तुम्हाला वाटतं, इंजिन गरम राहावं म्हणून.”

सगळ्यांनी बाहेर पाहिलं. केशवची सारंग फाटकाशी उभी होती, धडधडत, आणि वॉचमन तिच्याकडे रागाने बघत होता. आधी मानसी हसली. मग सगळेच हसायला लागले, आणि त्या हसण्यात आणखी दोघांनी हळूच आपापलं सांगून टाकलं. एकाचा खांदा होता, दुसऱ्याने तर घरामागे फळ्या टाकून स्वतःचा उतार बांधला होता. जयंतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

त्यांनी मॅनेजरबाईंना सांगून टाकलं, काळ्या रंगाची एक माझ्या नावाने धरा. मग प्रश्न राहिला मैदानातल्या जुन्या सारंगचा. मानसी म्हणाली, “काका, मी मारू किक?” आणि लगेच ओठ चावला. कायदा सगळ्यांनाच आठवला. पण केशव म्हणाला, “कायदा किकचा आहे. धक्क्याचा नाही.” मग साठी ओलांडलेले सहा जण, त्यांच्यात जेमतेम दोन धड कंबरा, आणि मानसी, असे सगळे मागे लागले. “एक, दो, तीन” तीनदा झालं. चौथ्यांदा इंजिनाने पकडलं आणि जयंतराव मागे न बघता हात हलवत निघून गेले, कारण थांबायची हिंमत नव्हती.

घरी येऊन त्यांनी गाडी फाटकाशी लावली, पण केशवचा गुण घेऊन बंद केली नाही. आवाज ऐकून नलिनी बाहेर आली.

“कशी आहे नवी?”

“टाकी बेढब आहे. आवाज नाही. रेघ स्टिकरची,” जयंतराव म्हणाले. “घेतली. सगळ्यांना गुडघ्याचंही सांगितलं.”

नलिनीने पदराला हात पुसले. “आणि मागची सीट कशी आहे?” तिने विचारलं.

दिव्यापासून नंबरप्लेटपर्यंत सगळं जयंतरावांनी बघितलं होतं. मागची सीट बघितलीच नव्हती. दोन वर्षं नलिनी मंगळवारी भजनाला, दर महिन्याला बहिणीकडे, सगळीकडे रिक्षाने जात होती. दोघांचं ओझं घेऊन पायाने गाडी ढकलता येत नव्हती, म्हणून त्यांनी तिला म्हटलं होतं, ‘या वयात तुला मागे बसणं बरं नाही.’ तिने ते खरं नसल्याचं एकदाही दाखवलं नव्हतं. आपलं काय काय जाईल हे मोजताना त्यांनी फक्त रविवारचे पोहे मोजले होते.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “बघायलाच हवी होती.”

“मग चला, बघून येऊ,” नलिनीने दाराला कडी लावली आणि चपला घातल्या. “शोरूम उघडी असेल अजून.”

“आत्ता? रिक्षा बोलवू?”

“रिक्षा कशाला? गाडी चालू आहे की,” ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसली.