दातांच्या दवाखान्यातली केळ

मी एक शोभेची केळ आहे आणि बीपासून वाढले आहे. एवढं सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "केळीला कुठे बी असते?" मग क्षणभर मलाच वाटतं, आपलं काही चुकत तर नाही ना. पण नाही. तुम्ही खाता त्या केळ्यांत बी उरलेली नाही. ती झाडं बुंध्याशेजारच्या पिल्लांपासून वाढतात. माझ्या जातीला पिल्लं फुटत नाहीत. आम्ही एकदाच फुलतो, बी धरतो आणि संपतो. बी पिकायच्या आत आम्हाला तोडलं, तर मागे काहीच राहत नाही.

बी असताना मी वाटाण्याएवढी, काळी आणि खड्यासारखी टणक होते. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला माझ्या बहिणींसकट पाकिटातून आणलं. कवच थोडं खरवडलं की पाणी आत शिरतं, असं त्यांनी वाचलं होतं. दुसऱ्या कुणी खरवडायला कानस शोधली असती. बाईंनी आम्हाला एकेक करून चिमट्यात धरलं आणि दात कोरायचं यंत्र लावलं.

इथे त्यांना त्यांची सवय नडली. काळं दिसलं की पांढरं लागेपर्यंत कोरायचं, हेच त्या जन्मभर करत आल्या होत्या. बहिणी छान स्वच्छ, गुळगुळीत झाल्या आणि भिजत घातल्यावर कुजून गेल्या. माझ्यावर यंत्र जेमतेम टेकलं, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी कळवळून म्हणालं, "बाई, माझी दाढ थांबायला तयार नाही हो." बाई उठल्या. मी अर्धवट काळीच राहिले. यात माझं कर्तृत्व काही नाही. असलंच तर त्या दाढेचं.

ओल्या मातीच्या वाटीत घालून त्यांनी मला हत्यारं उकळायच्या यंत्रावर ठेवलं. दिवसा दवाखाना चालू, तेव्हा ऊब; रात्री बंद, तेव्हा गारवा. आम्हाला नेमकं हेच लागतं. बाईंना ते माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी नुसती पडून होते. आपण जिवंत आहोत की नाही, याचीही मला खात्री नव्हती. त्यात बाई सारख्या बोटाने माती उकरून बघत. उगवू पाहणाऱ्याला कुणी येता-जाता "झालं का?" विचारलं, तर त्याचा होता नव्हता तो धीरही जातो. शेवटी कंटाळून बाईंनी माझा नाद सोडला, तेव्हा मी उगवले.

कुंडीतून मी दवाखान्याच्या दाराशेजारी, खिडकीसमोरच्या जमिनीत आले. माझी पानं लांबरुंद, मधली शीर लालभडक. खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाला बाई सांगायच्या, "माझ्या हाताकडे बघू नका, त्या केळीकडे बघा." माणसं बघायची आणि त्यांच्या आवळलेल्या मुठी सैल व्हायच्या.

"केळी कधी खायला घालताय?" एखादा विचारायचा.

"धरली की खा. आत नुसत्या बियाच असणार. दात तुटला की परत माझ्याकडेच याल."

मग बाईंचा हात थरथरू लागला. दवाखाना सुनेकडे आला. तीही दातांचीच डॉक्टर. नेमकं त्याच सुमाराला मला केळफूल आलं, घड धरला आणि खालची पानं वाळायला लागली.

"आई, लोक विचारतात, झाड मेलंय का," सून म्हणाली. "दवाखान्याच्या दारात हे बरं दिसत नाही. माळ्याला सांगते, तोडून टाकेल."

"बिया पिकू देत गं."

"आणखी किती थांबायचं?"

"ते तिलाच ठाऊक."

"केळीसाठी थांबता तेवढं माझ्यासाठी थांबत नाही तुम्ही. परवा मी दाढ काढत होते, तर तीनदा डोकावलात. पेशंट म्हणाला, खऱ्या डॉक्टर त्याच का?"

बाई म्हणाल्या, "खरंय तुझं. दवाखाना आता तुझा, दारातलं झाडही तुझं. तोडायचं की नाही, तूच ठरव." त्यानंतर त्या आल्याच नाहीत. मी मनातून हबकले. माझी बाजू घेणारं आता कुणी उरलं नव्हतं.

माळी आला त्या दिवशी खुर्चीत एक अवघड दाढ होती. मूळ आतच मोडलं होतं. सुनेची नजर एकदा दाराकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. ती पुन्हा खाली वाकली, सावकाश, न चिडता, आणि मूळ निघालं. मला खिडकीतून सगळं दिसत होतं.

ती घाम पुसत बाहेर आली. माळी कोयता घेऊन माझ्यापाशी उभा होता.

"ताई, कुठून तोडू?"

तिने माझ्याकडे वर बघितलं. "वाळलेली पानं तेवढी काढा. बाकी राहू दे."

"अहो, मेलंय ते."

"नाही. तिचं काम चाललंय अजून."

मग तिने सासूला फोन लावला. "आई, संध्याकाळी चहाला या. इथे बाहेरच बसू." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण सून हसली.

आता मी एका बाजूला कलले आहे. मला बांबूचा टेकू दिला आहे. घड जड होत चालला आहे. आतल्या बिया पिकतील, उगवतील, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. तो माझा स्वभाव नाही. पण त्यातली एखादी तुमच्या हाती आलीच, तर तिला ऊब द्या, ओल द्या आणि आपल्या कामाला लागा.